तिसऱ्या मजल्याचं दार

लिफ्टमध्ये आरसा कशासाठी असतो, हा प्रश्न मी नव्या सोसायटीत गेले की हमखास विचारते. बायका म्हणतात, पदर सारखा करायला. पुरुष म्हणतात, लिफ्ट मोठी दिसावी म्हणून. एकदा एक आजोबा म्हणाले, "मागे कोण उभा आहे ते कळायला." उत्तराच्या सगळ्यात जवळ तेच आले. चाकाच्या खुर्चीवरचा माणूस लिफ्टमध्ये सरळ शिरतो, पण आत खुर्ची वळवायला जागा नसते. बाहेर पडताना त्याला मागे मागे यावं लागतं. दार पूर्ण उघडलंय का, कुणाचं पोर मध्ये उभं आहे का, लिफ्ट मजल्याला नीट लागली आहे की दोन बोटं खाली राहिली आहे, हे त्याला आरशात दिसतं. तुम्ही त्यात केस विंचरता त्याला माझी हरकत नाही. फक्त नूतनीकरणाच्या वेळी तो काढून तिथे सनमायका लावू नका.

मी रत्नागिरीत लिफ्टच्या देखभालीचं काम करते. आयटीआयला वायरमनच्या वर्गात मी एकटीच मुलगी होते, हे ऐकायला लोकांना फार आवडतं. मला त्यात सांगण्यासारखं काही वाटत नाही. वायरला हात कुणाचा आहे ते कळत नाही. आज माझ्याकडे दोन मेकॅनिक आहेत, एक जुनी व्हॅन आहे, आणि गावातल्या बऱ्याच इमारतींच्या गच्चीवरच्या मशीनरूमच्या किल्ल्या आहेत. त्या किल्ल्यांचा जुडगा एवढा जड झाला आहे की पर्समध्ये ठेवता येत नाही.

आमच्या गावातल्या लिफ्टला दोन गोष्टी छळतात. एक खारी हवा. मुंबईत दहा वर्षं टिकणारा लॉक इथे समुद्राच्या बाजूला निम्म्या वेळात गंजतो. दुसरा उतार. इथे सपाट प्लॉट मिळत नाही. जांभा फोडून इमारत उभी करायची, रस्ता खाली, पार्किंग मध्ये, आणि लिफ्ट पाच पायऱ्या चढून गेल्यावर. जाहिरातीत "लिफ्टची सोय" असतेच. त्याहून हुशार बिल्डर लिफ्ट जिन्याच्या मधल्या टप्प्यावर थांबवतात. म्हणजे कुठल्याही मजल्याला जायचं तर अर्धा जिना चढा किंवा उतरा. अशा एका बिल्डरला मी विचारलं, "मग लिफ्ट कोणासाठी?" तो म्हणाला, "अहो, सामानासाठी होते ना." मी त्याला म्हटलं, सामानाला पाय नसतात हे तुमच्या लक्षात आलं, ते एक बरं झालं.

लिफ्टच्या आत पाटी असते. सहा व्यक्ती, चारशे आठ किलो. म्हणजे माणूस अडुसष्ट किलोचा धरलेला आहे, आणि तो उभा आहे असंही धरलेलं आहे. बसलेला माणूस त्या हिशेबात कुठेच नाही. वरच्या रस्त्याच्या एका इमारतीत शिवणकाम करणारी एक बाई राहायची. तिला खुर्ची लागायची. लिफ्टचं माप कागदावर बरोबर होतं, पण आतलं जाळीचं दार. ती जाळी घडी होऊन एका बाजूला गोळा झाली की दाराची चार इंच जागा खाते. खुर्ची अडकायची ती तेवढ्यासाठी. बाई मला म्हणाली, "मी बारीक व्हायचं की खुर्चीने?" जाळी काढून सरकतं दार बसवलं, प्रश्न मिटला. काम दोन दिवसांचं होतं. तिने त्याची वाट चार वर्षं पाहिली होती, कारण विचारायचं कोणाला हेच तिला माहीत नव्हतं.

अशा गोष्टी सांगायला मला बऱ्या वाटतात, कारण त्यांत मी शहाणी दिसते. आता जी सांगणार आहे तिच्यात तसं नाही.

ती इमारत पाच मजल्यांची. लिफ्ट जुनी, बाहेरचं दार लोखंडी, हाताने ओढायचं, त्यात एक काचेची उभी पट्टी. आत जाळी, लिफ्टबरोबरच वर-खाली जाणारी. सेक्रेटरी सुर्वे, बँकेतून निवृत्त झालेले, माणूस सज्जन पण प्रत्येक वाक्याचा ठराव करणारा. आणि तिसऱ्या मजल्यावर तांबेकाका.

विश्राम तांबे लहानपणापासून पूर्ण अंध. मूळचे संगमेश्वर तालुक्यातले. सरकारी कार्यालयात टेलिफोन ऑपरेटर म्हणून नोकरी झाली. काकी गेल्यापासून एकटे. मुलगा-सून मुंबईला. रोज संध्याकाळी पाच वाजता लिफ्टने खाली उतरायचे, ठरलेल्या रिक्षाने मांडवीला जायचे, जेटीवर तासभर बसायचे, आणि परत. आवाजावरून माणूस ओळखायची सवय नोकरीतच लागली होती. मी मशीनरूममधून उतरून नुसती खोकले तरी म्हणायचे, "काय लिफ्टवाल्या बाई, आज स्वतः? म्हणजे मोठं दुखणं दिसतंय."

शिमग्याचे दिवस होते. आमच्याकडे शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी घरोघरी येते. फ्लॅटवाल्यांसाठी ती सोसायटीच्या आवारात येते, आणि सगळे ओटी, नारळ घेऊन खाली उतरतात. नेमकी त्या सकाळी लिफ्ट बंद पडली. सुर्व्यांचा फोन.

"मॅडम, दुपारी पालखी आहे."

"माहीत आहे."

"पाचव्या मजल्यावरच्या आजींनी सकाळपासून तोंडात पाणी घेतलेलं नाही. त्यांना काय आता दोरीने सोडू खाली?"

मी आणि नितीन गेलो. नितीन माझा जुना मेकॅनिक, माझ्याहून थोडा लहान, हाताने हुशार आणि तोंडाने कायम घाईत. दोष लगेच सापडला. तिसऱ्या मजल्याच्या दाराचा लॉक.

हा लॉक काय करतो ते सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. तो दोन कामं करतो. लिफ्ट त्या मजल्यावर नसेल तर त्याचा हूक दार धरून ठेवतो, तुम्ही कितीही ओढा, मूठ हलत नाही. आणि त्याच्या आतल्या विजेच्या जोडामुळे दार नीट धरलं गेल्याशिवाय लिफ्ट जागची हलत नाही. इथे हूक गंजून आखडला होता. दार धरलं जात नव्हतं, म्हणून लिफ्ट हलत नव्हती. म्हणजे खरं पाहता लिफ्ट बिघडलेली नव्हतीच. ती तिचं काम चोख करत होती.

त्या जातीचा लॉक माझ्याकडे नव्हता. कोल्हापूरहून यायला दोन दिवस. त्या वेळी बरोबर उत्तर एकच होतं: लिफ्ट बंद. मी पहिल्या दिवसापासून नव्या माणसांना तेच शिकवत आले आहे.

पण आमच्या धंद्यात जम्पर नावाची एक चीज असते. वायरचा वीतभर तुकडा. दोष शोधताना एखादा जोड तात्पुरता ओलांडायचा असला की ती लावायची, दोष कळला की काढायची. ती लावली की लिफ्टला वाटतं, तिसऱ्या मजल्याचं दार बंद आहे. सुर्वे वर-खाली करत होते. पाचव्या मजल्यावरच्या आजी दारात खुर्ची टाकून, ओटीचं ताट मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मी नितीनला म्हटलं, "लाव. पालखी गेली की काढू."

"ताई, तिसऱ्याचं दार उघडंच राहील."

"त्याचं मी बघते."

मी बघितलं ते असं. कोरा कागद घेतला, मार्करने मोठ्या अक्षरात लिहिलं: "दार नादुरुस्त. उघडू नये. धोका." खाली दोन रेघा मारल्या. अक्षर माझं चांगलं आहे. कागद तिसऱ्या मजल्याच्या दारावर डोळ्यांच्या उंचीला चिकटवला, चारही कोपऱ्यांना टेप लावली, आणि खाली आले.

तिसऱ्या मजल्यावर दोन बिऱ्हाडं. एक बंद होतं, माणसं मुंबईला. दुसरं तांबेकाकांचं.

आज लिहिताना हे एवढं ढळढळीत दिसतं की माझा स्वतःवरच विश्वास बसत नाही. काकांना मी सात-आठ वर्षं ओळखत होते. त्यांच्या घरी चहा प्यायले होते. त्यांचं दार लिफ्टपासून सहा पावलांवर. ठोठावलं असतं तर अर्धं मिनिट गेलं असतं. पण धोक्याची जागा असली की पाटी लावायची, हे हाताला इतकं बसलं होतं की पाटी लागली आणि माझ्या डोक्यातून तिसरा मजला गेला.

पालखी आली. ढोल, ताशे, गुलाल. पाचव्या मजल्याच्या आजी लिफ्टने उतरल्या, ओटी भरली, माझ्या डोक्यावर हात ठेवला. मी हातात नारळ घेऊन उभी होते. पालखी नाचवायला सुरुवात झाली, आणि तेवढ्यात जिन्याच्या तोंडाशी तांबेकाका दिसले. काठी टेकत, भिंत धरून, जिन्याने उतरलेले. चेहरा पांढरा. ढोलाच्या वरताण ओरडले, "सुर्वे! ओ सुर्वे! तिसऱ्या मजल्याचं दार उघडं आहे. पोरांना वर सोडू नका!"

मी नारळ कुणाच्या हातात दिला ते आठवत नाही. पाच जिने चढून मशीनरूममध्ये गेले आणि मेन स्विच पाडला.

नंतर काकांनी काय झालं ते सांगितलं, तेही अगदी निवांतपणे, जणू दुसऱ्या कुणाचा फोन जोडून देतायत.

"मी रोज मूठ धरून उभा राहतो. लिफ्ट आली की आत खिट्ट होतं आणि मूठ सैल पडते. तुम्हाला काचेतून उजेड दिसतो, तसा माझा तो दिवा. आज ढोलात खिट्ट कुठलं ऐकू यायला? पण मूठ धरली तर सैल. म्हटलं, वा, आज लिफ्ट माझी वाट बघत उभी आहे. दार ओढलं. जाळीला हात घालायला गेलो तर जाळी नाही. वाटलं, कुणीतरी मेल्याने उघडी टाकली. मग काठी पुढे टाकली. ती गेली, गेली, आणि लागलीच नाही. तेव्हा तो वास आला. तेलाचा. आणि खालून गार वारा."

मग त्यांनी दार लोटून घेतलं. पायरीवर बसले. मुलं वर येतील हे सुचलं तसे उठून जिन्याने उतरले.

पुढच्या रविवारी पार्किंगमध्ये खुर्च्या मांडून सोसायटीची सभा झाली. सुर्व्यांनी चष्मा लावून ठराव वाचला: सुरक्षिततेच्या दृष्टीने अंध व अपंग रहिवाशांनी सोबत कुणी असल्याशिवाय लिफ्टचा वापर करू नये. सगळ्यांनी माना हलवल्या. हेतू वाईट नव्हता. लोक खरोखर घाबरले होते. पहिल्या मजल्यावरचे एकजण म्हणाले, "मॅडमनी दारावर एवढा मोठा कागद लावला होता. आता त्याहून काय करणार?"

कुणी हसलं नाही. त्या वाक्यात काय चुकलं हे कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

काका पुढच्याच रांगेत बसले होते. सोबत कोण देणार? मुलगा मुंबईला. ज्या दिवशी शेजारी घरी नाही त्या दिवशी मांडवी नाही, बाजार नाही, दवाखानाही कुणाला विचारून. ठराव एका ओळीचा होता, आणि त्या ओळीने त्या माणसाला तिसऱ्या मजल्यावर बसवून ठेवलं असतं.

मला बोलायची गरज नव्हती. जम्परबद्दल मी आणि नितीन सोडून कुणाला ठाऊक नव्हतं. लॉक गंजला, खाऱ्या हवेने गंजला, सगळ्यांना पटलं होतं. नितीन माझ्या कानाशी म्हणाला, "ताई, गप ऱ्हा. ही बिल्डिंग गेली की शेजारच्या दोन पण जातील."

मी उभी राहिले. सांगितलं की लिफ्टने स्वतःहून चालायला नकार दिला होता, मी तिला फसवून चालवलं. वायर माझी, निर्णय माझा. आणि ज्या मजल्यावर एकच माणूस राहतो आणि त्याला दिसत नाही, तिथे मी वाचायची सूचना लावली.

मग सुर्व्यांनी घसा साफ केला. "मॅडम, तुम्ही प्रामाणिकपणे सांगितलंत, त्याची नोंद घेऊ. पण त्यामुळे ठरावाला बाधा येत नाही. उलट काळजी म्हणून…"

"सुर्वे, जरा थांबा," तांबेकाका म्हणाले. ते उठले नाहीत. "मला एक सांगा. परवा त्या दारात तुम्ही असता तर?"

"म्हणजे?"

"तुम्ही लिफ्टशी आलात की मोबाइल बघत असता. मला माहीत आहे, तुमचे बातम्यांचे व्हिडिओ मला माझ्या घरात ऐकू येतात. ढोल वाजतायत, दार उघडतंय. तुम्ही काय केलं असतंत?"

सुर्व्यांनी चष्मा काढला.

"या बिल्डिंगमध्ये पाय टाकायच्या आधी खाली जमीन आहे का ते बघणारा माणूस मी एकटा आहे. ठराव करायचाच असेल तर असा करा, की डोळस माणसांनी सोबत कुणी असल्याशिवाय लिफ्ट वापरू नये. मी रिकामाच असतो. सोडत जाईन एकेकाला."

पाचव्या मजल्याच्या आजी आधी हसल्या, मग सगळेच. सुर्वेही हसले, पण कागद घडी करून खिशात घालताना त्यांनी नवा ठराव मांडलाच. पाचही मजल्यांचे लॉक बदलायचे, आणि तांबे "ठीक" म्हणतील तेव्हाच लिफ्ट सुरू करायची. ठराव असाच लिहिला गेला. सरकारी निरीक्षकाच्या सहीनंतर आणखी एका माणसाची मंजुरी लागणारी ती रत्नागिरीतली एकमेव लिफ्ट असावी.

तेव्हापासून आमच्या कामात दोन गोष्टी बदलल्या. आमच्या जम्परी आता दोन हात लांब आणि लाल आहेत. जम्पर लावायची तर आपल्या गाडीची किल्ली तिच्या टोकाला बांधायची. ती काढल्याशिवाय कुणाला घरी जाता येत नाही. नितीनने सुरुवातीला कुरकुर केली. आता तोच नव्या माणसांना दटावतो. आणि कागद आम्ही लावतोच, पण आधी त्या मजल्यावरचं प्रत्येक दार ठोठावतो आणि तोंडाने सांगतो. वेळ जातो. जाऊ दे.

लॉक आले तेव्हा बटणांशेजारी ब्रेलच्या पट्ट्याही बसवल्या. काकांनी बोटं फिरवली आणि म्हणाले, "बाई, तुमचा तिसरा मजला डोक्यावर उभा आहे." नितीनने पट्टी उलटी चिकटवली होती. आम्हा डोळसांना ती सुलटी असती तरी फरक कळला नसता.

मग परीक्षा. लिफ्ट खाली उभी ठेवली. तिसऱ्या मजल्यावर काका, मी आणि दार. सुर्वे जिन्यात, वही घेऊन.

"ओढा," मी म्हटलं.

काकांनी काठी भिंतीला टेकवली, दोन्ही हातांनी मूठ धरली आणि सगळं अंग मागे टाकून ओढलं. दार हललं नाही. पुन्हा ओढलं. कपाळावर घाम आला. सहा वेळा ओढलं. मी थांबवलं नाही. मग म्हणाले, "बोलवा तिला." मी बटण दाबलं. लिफ्ट आली. खिट्ट. मूठ सैल पडली. दार उघडून त्यांनी जाळी चाचपली, काठीने आतली जमीन ठोकली, आणि परत दार लावलं.

"आता तुम्ही."

"मी काय?"

"डोळे मिटा आणि करा."

मला हसू आलं. लॉक मी बसवला होता, सकाळपासून वीस वेळा तपासला होता. लिफ्ट आलेली होती, आम्ही दोघांनी ऐकली होती. मी डोळे मिटले. मूठ धरली, सैल होती. दार ओढलं. समोरून गार हवा आली आणि ग्रीसचा वास आला. हा वास मी आयुष्यभर घेत आले आहे. आता जाळी धरायला हात पुढे करायचा होता. जाळी चार बोटांवर होती.

हात पुढे जाईना. मी स्वतःला सांगितलं, लिफ्ट आहे. मला माहीत होतं की आहे. तरी हात दाराच्या चौकटीवर होता तिथेच राहिला. किती वेळ गेला ते सुर्व्यांनी वहीत लिहिलं नसावं.

मी डोळे उघडले.

काका हसले नाहीत. "होतं तसं," म्हणाले. मग सुर्व्यांच्या दिशेने मान वळवून म्हणाले, "लिहा. ठीक." मला बाजूला सरकायला सांगितलं, जाळी ओढली, आत गेले, दार आणि जाळी लावून घेतली आणि एकटे खाली गेले.